तीनच प्रिंटर, सेमाफोरही तीनचाच, तरी लेबलं एकमेकांवर चढतायत

आंबाघाट (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडचा प्रोग्रॅम सध्या माझ्या गळ्यात पडला आहे. ज्याने लिहिला तो नोकरीसाठी दुबईला गेला, आणि शेडचे मालक नात्यातले असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

व्यवस्था अशी आहे. पेट्या भरणारी माणसं टॅबलेटवर बागायतदाराचा कोड, प्रतवारी आणि किती डझनी पेटी ते टाकतात. शेडमधल्या छोट्या संगणकावर पायथनचा सर्व्हर चालतो. प्रत्येक मागणीला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारं एक काम. तो लेबल तयार करतो आणि तीन थर्मल प्रिंटरपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे पाठवतो. प्रिंटर जुने आहेत, सिरियल केबलवरचे, ९६०० बॉडवाले. छापणारा भाग नावं मराठीत करून देतोय (सेमाफोर म्हणजे ठरावीक परवाने मोजून देणारा; अक्वायर म्हणजे परवाना घेणं, रिलीज म्हणजे परत करणं):

परवाने = सेमाफोर(३)

छाप(लेबल):
    परवाने.अक्वायर()
    प्र = मोकळा_प्रिंटर_शोध()
    प्र.कामात = खरं
    प्र.पाठव(लेबल)
    प्र.कामात = खोटं
    परवाने.रिलीज()

पाडव्याच्या सुमाराला माल कमी असतो तेव्हा सगळं सुरळीत. अक्षय तृतीयेच्या आधी गर्दी झाली की दोन दुखणी सुरू होतात. एक म्हणजे कधीकधी एकाच कागदावर दोन लेबलं मिसळून येतात, वर एका बागायतदाराचा कोड आणि खाली दुसऱ्याचे डझन. दुसरं म्हणजे दिवसभरात छपाई मंदावत जाते आणि संध्याकाळपर्यंत पार थांबते. सर्व्हर बंद करून चालू केला की पुन्हा ठीक.

एका वेळी तीनच थ्रेड आत जाणार, प्रिंटरही तीनच. मग दोघे एकाच प्रिंटरवर येतातच कसे?


जेटीवरचो | रविवार, रात्री ९:५१

ह्या सगळा ऱ्हवांदे. पेटी केवढ्याक ता सांगा पयलां.


उकडा_तांदूळ | रविवार, रात्री १०:०५

पायथनमध्ये जीआयएल हे आतलं कुलूप आहे ना? दोन थ्रेड एकाच क्षणी चालतच नाहीत. त्यामुळे शर्यत, म्हणजे दोन थ्रेडांनी एकाच गोष्टीवर एकदम हात टाकण्याचा प्रश्न येऊ नये. केबल तपासा, खाऱ्या हवेत सिरियलचे पिन गंजतात. अनुभवाचे बोल.


कातळशिल्प | रविवार, रात्री १०:३२

केबल गंजली तर कचरा अक्षरं येतील. दुसऱ्या बागायतदाराचा धडधडीत बरोबर कोड कसा येईल? दोष कोडमध्येच आहे.

सेमाफोर एवढंच बघतो की आत किती जण आहेत. कोणी कुठला प्रिंटर घ्यायचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. परवाना मिळाल्यावर तुमचा थ्रेड 'मोकळा_प्रिंटर_शोध' करतो, तिथे कुठलंच कुलूप नाही. आता एकेक पाऊल बघा:

थ्रेड अ ला परवाना मिळाला, मोजणी ३ वरून २.
थ्रेड ब ला परवाना मिळाला, मोजणी २ वरून १.
अ ने पहिला प्रिंटर पाहिला, 'कामात' खोटं, म्हणजे मोकळा.
इथे अ बाजूला झाला, ब पुढे आला.
ब ने पहिला प्रिंटर पाहिला, 'कामात' अजून खोटंच.
ब ने खरं केलं, लेबल पाठवायला सुरुवात केली.
अ परत आला. त्याच्या मते पहिला प्रिंटर मोकळाच आहे. त्यानेही पाठवायला सुरुवात केली.

९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. लेबलवर शेडचं चित्र वगैरे असेल आणि ते दोनेक हजार बाइटचं असेल, तर दोन सेकंद तो पोर्ट कामात राहणार. तेवढ्या वेळात दोघांचे तुकडे एकाआड एक गेले की तुमचं मिश्र लेबल तयार.

उकडा_तांदूळ, जीआयएल इंटरप्रिटरच्या (पायथन चालवणाऱ्या यंत्रणेच्या) आतल्या वस्तू शाबूत ठेवतो, तुमचा हिशेब नाही. पायथन दर ५ मिलिसेकंदांनी थ्रेड बदलायची संधी देतो. शिवाय थ्रेड बाहेरून काही वाचायला थांबला की जीआयएल लगेच सोडतो. धागाकर्ते, एक सांगा, 'मोकळा_प्रिंटर_शोध' प्रिंटरला त्याची स्थिती विचारतो का?


आंबाघाट | रविवार, रात्री १०:४४

हो. 'कामात' बघून झालं की कागद आहे का ते विचारतो आणि उत्तराची वाट बघतो.


कातळशिल्प | रविवार, रात्री १०:४७

मग पाहणं आणि खूण करणं यांच्या मधोमधच थ्रेड दुसऱ्याला वाट देतोय. गर्दी नसताना दोघे एकाच वेळी तिथे येत नाहीत म्हणून लपून राहिलं इतकंच.

शोधणं आणि 'कामात = खरं' करणं या दोन ओळी एका लॉकमध्ये घाला. कागदाची चौकशी मात्र लॉकच्या बाहेर काढा, नाहीतर एका प्रिंटरचं उत्तर येईपर्यंत सगळे खोळंबतील. सेमाफोर राहू द्या, तो त्याचं काम बरोबर करतोय.


तिठा | सोमवार, सकाळी ७:१५

रोज दिवा पॅसेंजरने येणाजाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. एकेरी मार्ग, एका वेळी एकच गाडी. तो म्युटेक्स. स्टेशनात मात्र दोन-तीन लाइनी, तेवढ्या गाड्या मावतात. तो मोजणीचा सेमाफोर. तुमच्या कोडने स्टेशनात तीन गाड्या घेतल्या त्या बरोबरच, पण कोणती गाडी कुठल्या लाइनीवर हे ठरवणारा पॉइंट्समनच नाही. म्हणून दोन गाड्या एका लाइनीवर.

अवांतर: आमची पॅसेंजर बाजूला काढून मागून आलेल्या सगळ्या एक्सप्रेस पुढे सोडतात, त्यालाही या शास्त्रात नाव असेलच.


सोलकढी | सोमवार, सकाळी ८:०२

आहे, स्टार्व्हेशन. आणि तो नुसता विनोद नाही. पायथनच्या सेमाफोरमध्ये वाट पाहणाऱ्यांपैकी कोणाला आधी उठवलं जाईल यावर विसंबू नका असं त्याच्या माहितीतच लिहिलं आहे. मी जावात काम करते. तिथला सेमाफोर २००४ साली जावा ५ मध्ये आला आणि बनवताना 'फेअर' हा पर्याय देता येतो. दिला नाही तर खोटं धरतात, म्हणजे आत्ता आलेला थ्रेड रांगेतल्या जुन्याला डावलून आत घुसू शकतो. मुद्दाम तसं ठेवलंय, कारण काटेकोर रांग लावली की कामाचा वेग पडतो. आणखी एक गंमत, फेअर दिला तरी वेळमर्यादा न देता 'ट्राय अक्वायर' (मिळाला तर परवाना घे, नाहीतर वाट न बघता परत ये) केलं तर तो रांग मोडूनच घुसतो. आमच्याकडे या एका ओळीवरून बराच वाद झाला होता.

आता दुसऱ्या दुखण्याबद्दल. छपाई हळूहळू मंदावते आणि रीस्टार्टने बरी होते, म्हणजे परवाने गळतायत. 'प्र.पाठव' मध्ये अपवाद आला, म्हणजे चूक होऊन काम मध्येच तुटलं की पुढची रिलीजची ओळ चालतच नाही. एक परवाना कायमचा गेला. तीनाचे दोन, दोनाचा एक, मग शून्य. रोल संपल्यावर काय होतं?


आंबाघाट | सोमवार, सकाळी ९:३०

रोल संपला की 'पाठव' मधून अपवाद येतो. तंतोतंत तेच. पण आता कोड नीट वाचल्यावर आणखी एक चीज सापडली. वेगळा 'पहारेकरी' थ्रेड आहे. कुठला थ्रेड तीस सेकंदांपेक्षा जास्त अडकलेला दिसला की तो परस्पर परवाने.रिलीज() करून मोकळा होतो. शेजारी टीप लिहिली आहे: 'काढू नये, काढलं की बंद पडतं'.


खाडीपलीकडे | सोमवार, सकाळी ९:४१

'काढू नये' 😂 प्रत्येक जुन्या कोडमध्ये अशी एक ओळ असतेच.


कातळशिल्प | सोमवार, सकाळी १०:२०

हा पहारेकरी गळतीपेक्षा वाईट. सेमाफोरला मालक नसतो. म्युटेक्समध्ये ज्याने लावलं त्यानेच काढायचं हा करार असतो. सेमाफोरमध्ये एकाने घेतलेला परवाना दुसऱ्याने परत केला तरी कोणी हरकत घेत नाही. पहारेकऱ्याने अडकलेल्या थ्रेडच्या वतीने रिलीज केलं, आणि मग कोणीतरी रोल बदलला, अडकलेला थ्रेड सुटला, त्यानेही आपलं रिलीज केलं. मोजणी झाली चार. आता तीन प्रिंटरांसाठी चार जण आत. चौथ्याला 'मोकळा_प्रिंटर_शोध' काय देतो?


आंबाघाट | सोमवार, सकाळी १०:२६

काही सापडलं नाही तर यादीतला पहिला.


कातळशिल्प | सोमवार, सकाळी १०:२९

धन्य.

म्हणजे मिश्र लेबलं दोन वाटांनी येतायत. साध्या सेमाफोरऐवजी बाउंडेड सेमाफोर वापरून बघा. मोजणी सुरुवातीच्या आकड्याच्या वर जायला लागली की तो व्हॅल्यूएरर देतो, चोर लगेच सापडतो. पण एक लक्षात ठेवा. एक परवाना गळला आणि एक जास्तीचा परत आला, तर बेरीज तीनच राहते आणि बाउंडेडसुद्धा गप्प बसतो. तुमचा प्रोग्रॅम इतके दिवस चालला तो बहुतेक याच जमाखर्चावर. म्हणूनच ती 'काढू नये'ची टीप. गळती न थांबवता पहारेकरी काढला की बंदच पडणार.


मालवणचे_मास्तर | सोमवार, दुपारी १२:१०

वाचतो आहे, मजा येते आहे. महाविद्यालयात हा विषय शिकवत असे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

सेमाफोर ही डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांची कल्पना, १९६०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतली. नाव रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलवरूनच आलं आहे, त्यामुळे तिठा यांचा बोगदा अगदीच परका नाही. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यालयात त्यांनी इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ या यंत्रासाठी जी प्रणाली बांधली, तिच्यात सेमाफोर प्रत्यक्ष वापरले. तिच्यावरचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलांना परीक्षेत हमखास न सुचणारी गोष्ट अशी की त्या प्रणालीत सेमाफोर दोन वेगळ्या कामांसाठी होते. एक, आत एका वेळी एकच प्रक्रिया जावी म्हणून, सुरुवात १ पासून. दुसरं, एखादी प्रक्रिया दुसरीकडून खबर येईपर्यंत थांबावी म्हणून, सुरुवात ० पासून. दुसऱ्या प्रकारात थांबणारा वेगळा आणि सोडणारा वेगळा असतो. कातळशिल्प म्हणतात तो 'मालक नसणे' हा गुण तिथे दोष नसून गरज आहे. पहारेकऱ्याने चुकीच्या जागी तो वापरला.

आणि मूळ व्याख्येतली खरी करामत अशी: मोजणी तपासणं आणि कमी करणं ही एकच अखंड क्रिया, मध्ये कोणी शिरू शकत नाही. धागाकर्त्यांच्या कोडमध्ये 'कामात' पाहणं आणि बदलणं या दोन क्रिया सुट्या राहिल्या. साठ वर्षांपूर्वी जो प्रश्न सोडवला, तोच सोडवलेल्या साधनाच्या दोन ओळी खाली पुन्हा उभा राहिला.


उकडा_तांदूळ | सोमवार, दुपारी १२:३५

मास्तर, मस्त. जीआयएलचं माझं म्हणणं मागे घेतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).


जेटीवरचो | सोमवार, दुपारी १२:५०

मास्तरांनू, तुमी माका शिकवला असता तर मी आज होडयेर नसतंय. पण मगे बांगडे कोणी आणले असते?


सोलकढी | सोमवार, दुपारी ३:१५

धागाकर्ते, माझं मत विचाराल तर हा सेमाफोर काढूनच टाका. परवाना एकीकडे, प्रिंटरची यादी दुसरीकडे आणि दोघांचा ताळमेळ तुमच्या डोक्यात, ही रचनाच ठिसूळ आहे. थ्रेड-सुरक्षित क्यू (अनेक थ्रेडांनी एकदम वापरली तरी न बिघडणारी रांग) घ्या आणि तिच्यात प्रिंटरच ठेवा, तिन्ही. 'फायनली'खालची ओळ अपवाद आला तरी चालतेच:

प्र = मोकळे.गेट(टाइमआउट=२०)
ट्राय:
    प्र.पाठव(लेबल)
फायनली:
    मोकळे.पुट(प्र)

क्यूमधून प्रिंटर हातात आला म्हणजे तो तुमचा, दुसऱ्या कोणाला मिळूच शकत नाही. किती आणि कोणता, दोन्ही प्रश्न एकाच वस्तूने सुटतात. 'कामात' ही खूण गेली, शोध गेला, पहारेकरी गेला.


कातळशिल्प | सोमवार, दुपारी ३:४०

+१. फक्त त्या फायनलीबद्दल थोडी हरकत. रोल संपलेला प्रिंटर परत क्यूत टाकला तर काय होईल? चांगला प्रिंटर लेबलला दोन सेकंद घेतो, बिघडलेला क्षणात अपवाद देऊन परत रांगेत हजर. म्हणजे जो काम करत नाही तोच सगळ्यात जास्त वेळा मोकळा सापडणार आणि लेबलांमागून लेबलं गिळणार. कागदाचा अपवाद आला तर तो प्रिंटर 'नादुरुस्त' यादीत टाका, टॅबलेटवर लाल खूण दाखवा आणि रोल बदलल्याचं बटण दाबल्यावरच परत क्यूत घाला. गेलेलं लेबल दुसऱ्या प्रिंटरकडे द्यायला विसरू नका.


सोलकढी | सोमवार, दुपारी ३:४४

मान्य. ते राहिलंच होतं.


खाडीपलीकडे | सोमवार, संध्याकाळी ६:२०

क्यूच्या पोटातही लॉक आणि कंडिशनच आहेत हो. पायथनचा सेमाफोरसुद्धा आतून कंडिशनवरच बांधलाय. उगाच सेमाफोरला वाळीत टाकू नका.


सोलकढी | सोमवार, संध्याकाळी ६:३८

वाळीत कोण टाकतंय? जिथे परवान्यामागे ठरावीक वस्तू नसते, सगळ्या जागा सारख्याच, तिथे सेमाफोरच हवा. बाहेरच्या सर्व्हरला एका वेळी पाचच विनंत्या पाठवायच्या, इतकंच म्हणायचं असेल तर क्यूत पाच खोट्या वस्तू भरणं हा वेडेपणा. जावा २१ मध्ये २०२३ साली व्हर्च्युअल थ्रेड (खूप हलके थ्रेड) पक्के झाले, ते लाखांनी काढता येतात. पूर्वी थ्रेड-पूलचा (ठरावीक थ्रेडांच्या साठ्याचा) आकडा लहान ठेवून डेटाबेसवरचा ताण आवरायचो, आता पूलच नाही. अशा वेळी सेमाफोर लावा असंच तिथे सुचवलेलं आहे. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षापासून त्याचा वापर वाढलाच आहे.


आंबाघाट | मंगळवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. क्यू घातली, नादुरुस्त यादी घातली, पहारेकऱ्याला नारळ दिला. मंदावणं पूर्ण थांबलं.

पण मिश्र लेबल आज पुन्हा आलं. आधीपेक्षा खूप कमी, पण आलं. कोड तर आता इतका साधा आहे की शंकेला जागाच दिसत नाही.


कातळशिल्प | मंगळवार, रात्री ८:३३

सर्व्हर कसा सुरू करता? नेमका आदेश सांगा.


आंबाघाट | मंगळवार, रात्री ८:४१

गनिकॉर्नने (पायथनचे वेब प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर). वर्कर्स २, थ्रेड्स ८. तेही आधीच्यानेच ठेवलेलं.


कातळशिल्प | मंगळवार, रात्री ८:४५

सापडलं. वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस, वेगळी मेमरी. तुमची क्यू दोन्ही वर्करांत एकेक तयार होते. दोन क्यू, प्रत्येकीत तेच तीन प्रिंटर. आधीचा सेमाफोरही असाच दोन प्रतींत होता, म्हणजे त्या बिचाऱ्या 'तीन'चे पहिल्या दिवसापासून सहाच होते. थ्रेडिंग मोड्यूलमधलं काहीही प्रोसेसची भिंत ओलांडत नाही.

आत्ताच्या आत्ता: वर्कर्स १ करा. लेबल छापायला तुम्हाला दोन प्रोसेसची गरज नाही, सगळा वेळ प्रिंटरची वाट बघण्यातच जातो. आणि पायसिरियलमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची पायथनची लायब्ररी) पोर्ट उघडताना 'एक्सक्लुझिव्ह' पर्याय खरं करा. मग दुसऱ्या प्रोसेसने तोच पोर्ट उघडायचा प्रयत्न केला की तिथेच अपवाद येईल. मिश्र लेबल पेटीवर चिकटून वाशीला जाण्यापेक्षा शेडमध्ये आरडाओरडा झालेला बरा.


तिठा | मंगळवार, रात्री ९:००

म्हणजे एकाच बोगद्याला दोन स्टेशनमास्तर, आणि दोघांत फोन नाही. अरे देवा.


खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ९:२२

दोन प्रोसेस ठेवायच्याच असतील तर पॉझिक्सचा (युनिक्सछाप प्रणालींच्या प्रमाणातला), नाव दिलेला सेमाफोर वापरता येईल की. तो प्रोसेसांमध्ये चालतो.


कातळशिल्प | मंगळवार, रात्री ९:५०

चालतो, पण त्याचं एक जिवावरचं दुखणं आहे. परवाना हातात असताना प्रोसेस मेली, मेमरी संपून कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) मारली समजा, तर परवाना परत येत नाही. नावाचा सेमाफोर प्रोसेसबरोबर मरत नाही, लिनक्सवर डेव्ह-एसएचएम या फोल्डरमध्ये तसाच पडून राहतो, आणि नव्याने सुरू झालेला प्रोग्रॅम जुनीच कमी झालेली मोजणी उचलतो. तिथे सर्व्हिस रीस्टार्ट करूनही बरं वाटणार नाही. युनिक्सच्या जुन्या सिस्टिम-फाइव्ह सेमाफोरमध्ये यासाठी 'अनडू'ची सोय होती, पॉझिक्समध्ये नाही. त्यापेक्षा प्रिंटरगणिक एक फाइल आणि तिच्यावर एफलॉक (फाइलला लावायचं कुलूप), हे मला जास्त आवडतं. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल कुलूप स्वतः काढतो.

आपल्याकडे लाइट गेली की मात्र सगळंच साफ, कारण ती जागा रॅममध्ये असते. महावितरणचा हा एक तांत्रिक फायदा कोणी लक्षात घेत नाही.

कोणी मॅकवर लिहून लिनक्सवर चालवत असाल तर आणखी एक: बिननावाचा पॉझिक्स सेमाफोर मॅकवर चालत नाही. तो तयार करणारा 'सेम_इनिट' त्रुटी देऊन परत येतो, आणि परत आलेलं मूल्य तपासलं नसेल तर पुढे भलतीच शोधाशोध होते.


उकडा_तांदूळ | बुधवार, सकाळी ७:५५

मंगळावरच्या यानालाही असंच काहीसं झालं होतं ना? १९९७ चं पाथफाइंडर, ते सारखं रीसेट व्हायचं.


मालवणचे_मास्तर | बुधवार, सकाळी ९:१०

ते प्रकरण शेजारच्या घरातलं आहे. तिथे कमी अग्रक्रमाच्या हवामानाच्या कामाने म्युटेक्स धरला होता, जास्त अग्रक्रमाचं काम त्याची वाट बघत होतं, आणि मधल्या अग्रक्रमाची कामं येऊन हवामानवाल्याला पुढे सरकूच देत नव्हती. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही म्हणून यानावरचा पहारेकरी सगळं रीसेट करायचा. उपाय म्हणून त्या म्युटेक्सचा 'अग्रक्रमाचा वारसा' हा पर्याय पृथ्वीवरून चालू केला. म्हणजे ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला तात्पुरता वाट बघणाऱ्याचा अग्रक्रम मिळतो.

आता गंमत बघा. हा उपाय साध्या सेमाफोरला लावताच येत नाही. वारसा द्यायचा कोणाला? मालकच नाही. एकच जागा राखायची असेल तिथे १ चा सेमाफोर न वापरता म्युटेक्स वापरा असं आग्रहाने सांगतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. लिनक्स कर्नलमध्येही २००६ साली वेगळा म्युटेक्स आला आणि सेमाफोरच्या बऱ्याच जागा त्याने घेतल्या.

धागाकर्त्यांच्या शेडमध्ये अग्रक्रम नाहीत, तेव्हा त्यांनी यात अडकू नये.


आंबाघाट | बुधवार, रात्री ९:३०

वर्कर्स १, एक्सक्लुझिव्ह चालू. आजच्या भर गर्दीत एकही मिश्र लेबल नाही. बागायतदारांना 'पेटी पोचली'चा एसएमएस जातो, तिथे सोलकढीताईंनी सांगितल्याप्रमाणे पाचचा सेमाफोर लावला, 'विथ'मध्ये, म्हणजे रिलीज विसरायला नको.

आता मालकांची नवी मागणी. वजनकाटा जोडायचा आणि लेबलवर वजन छापायचं. काटा एकच. काटा धरून प्रिंटर घ्यायचा की प्रिंटर धरून काटा? 'लेबल पुन्हा छापा' हे बटण आधी प्रिंटर घेतं, कारण त्याला वजन लागेलच असं नाही.


सोलकढी | बुधवार, रात्री ९:५२

थांबा! एक थ्रेड काटा धरून प्रिंटरची वाट बघतोय, आणि तिन्ही प्रिंटर धरून बसलेले थ्रेड काट्याची. सगळे एकमेकांकडे बघत बसतील. सगळीकडे क्रम एकच ठेवा, आधी काटा, मग प्रिंटर. पुन्हा छापायला वजन हवं असेल तर त्यानेही आधी काटाच घ्यायचा. किंवा त्याहून सोपं, वजन वाचा, आकडा घ्या, काटा सोडा आणि मग प्रिंटरकडे जा. दोन्ही एकदम हातात हवेत कशाला?


खाडीपलीकडे | बुधवार, रात्री १०:०४

दुसरंच करा. काट्यावर पेटी ठेवून प्रिंटरसाठी ताटकळत बसलात तर मागे पेट्यांचा ढीग लागेल.


आंबाघाट | बुधवार, रात्री १०:१५

ठीक, वजन वाचून काटा सोडतो. शेवटचं विचारतो. वीस सेकंदांत प्रिंटर मिळाला नाही तर टॅबलेटवर 'थांबा' दाखवू, की लेबल मागे ठेवून माणसाला पुढची पेटी भरू देऊ? मालक म्हणतात काम थांबायला नको.


कातळशिल्प | बुधवार, रात्री १०:३१

थांबवा. लेबल मागे ठेवलं की ते कुठल्याही प्रिंटरवरून, कुठल्याही क्रमाने बाहेर पडेल, आणि तोवर त्या टेबलावर बिनलेबलाच्या तीन सारख्या पेट्या उभ्या असतील. कोणतं कोणत्या पेटीचं हे शोधायला तुमच्याकडे कुठलाच लॉक नाही. फार तर प्रत्येक टेबलाला एक लेबल उधार द्या, दुसरं नाही. टेबलागणिक एकचा सेमाफोर. लेबल हातात आलं आणि भरणाऱ्याने 'चिकटवलं' दाबलं की रिलीज. बटण दाबणाऱ्या मागणीचा थ्रेड वेगळा असणार, म्हणून इथे म्युटेक्स चालणार नाही.


जेटीवरचो | बुधवार, रात्री १०:४०

पेटीचो भाव अजून कोणी सांगूक नाय.